बारालाचाच्या अलीकडचा मुक्काम

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, वय 28. बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर आहे. पाच वर्षे सायकल चालवतो. चोर्ला, आंबोली, अनमोड हे घाट कितीतरी वेळा केले आहेत. येत्या सप्टेंबरमध्ये तंबू बरोबर घेऊन मनाली ते लेह हा प्रवास करायचे ठरवले आहे. दोन मित्र येणार होते, त्यांनी आता अंग काढून घेतले. एकट्याने जायची माझी तयारी आहे. सुट्टी बारा दिवसांची मिळते. आई मात्र ऐकत नाही. "एकट्यानं कुठं डोंगरात मरायला जातोस?" असे म्हणते. मी जावे का? आणि जायचे तर आईची समजूत कशी घालू?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही जावे, आणि एकट्यानेही जायला हरकत नाही, परंतु बारा दिवसांच्या सुट्टीत हा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या आईचा सगळा जोर "एकट्यानं" या शब्दावर आहे आणि तुमचे पत्रही त्याच शब्दाभोवती फिरते. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला खरा धोक्याचा शब्द "बारा" हा आहे.

आधी साधा हिशेब करू. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निघालात तर दोन रात्री गाडीत जाऊन तुम्ही हजरत निजामुद्दीनला पोहोचता, आणि तिथून मनालीच्या बसमध्ये तिसरी रात्र जाते. येतानाही, अगदी लेहहून दिल्लीपर्यंत विमानाने आलात तरी, तीन दिवस लागतात असे धरून चाला. म्हणजे बारांपैकी सायकलीसाठी उरले सहा. या सहा दिवसांत पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर आणि रोहतांग (3978 मीटर), बारालाचा (सुमारे 4890), नकी ला (सुमारे 4740), लाचुलुंग ला (सुमारे 5065) आणि टांगलांग ला (सुमारे 5328) अशा पाच खिंडी तुम्हाला ओलांडायच्या आहेत. पाच वर्षे घाट चढणारे पाय हे अंतर कदाचित रेटून नेतीलही. मात्र या रस्त्यावर माणूस पायांमुळे क्वचितच अडतो.

5000 मीटरवरही हवेत प्राणवायूचे प्रमाण आपल्या खानापूरइतकेच, म्हणजे 21 टक्के असते, पण हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायूही निम्म्याजवळ येतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, परंतु आपल्या वेगाने. श्वासाची लय बदलायला, रक्तातला समतोल बदलायला दिवस जावे लागतात, आणि हे काम बरेचसे रात्रीच्या मुक्कामात होते. म्हणून 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय दंडक आहे. दिवसा खिंड ओलांडून कितीही उंच गेलात तरी चालते, झोपायला खाली यावे. तंदुरुस्त माणसाला यात कोणतीही सवलत नाही. उलट त्याचे पाय चालतात म्हणून तो शरीराच्या पुढे धावतो आणि आजारी पडतो.

आपल्या भागात ही गोष्ट कुणाला वेगळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि तुमच्या तालुक्यात लेह-लडाखला नोकरी करून आलेला निवृत्त जवान शोधायला फार लांब जावे लागणार नाही. त्यांच्यापैकी एखाद्या काकांच्या घरी जाऊन बसा आणि सैन्यात जवानाला उंचीवर कसे नेतात ते विचारा. साधारण 2700 ते 3600 मीटरच्या टप्प्यात सहा दिवस, 4500 मीटरपर्यंतच्या टप्प्यात आणखी चार आणि त्याच्याही वर जायचे असेल तर आणखी चार दिवस, असे चौदा दिवस दिल्याशिवाय धट्ट्याकट्ट्या जवानालाही पूर्ण कामाला लावत नाहीत. तुम्ही मात्र सामान लादलेली सायकल घेऊन सहा दिवसांत तिथे पोहोचू पाहता. जाताना आईलाही बरोबर न्या. तुमच्या तोंडून तिला जे पटणार नाही, ते काकांच्या तोंडून पटेल, आणि तुम्हालाही चार गोष्टी ऐकाव्या लागतील.

आता या रस्त्याची एक खोड सांगते, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. आपण घाटमाथ्यावरची माणसे. आपल्याकडे उतार आधी येतो आणि चढ नंतर : जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याने खाली साखळीला उतरायचे आणि दमल्यावर तोच घाट चढून घरी यायचे. त्यामुळे आपल्याला एक सवय लागते, की थकवा आला तरी रेटायचे, कारण घर वर आहे. मनालीहून निघाल्यावर सुरुवातीला बरोबर उलटे असते. तुम्ही चढत असता आणि सुटकेचा रस्ता तुमच्या पाठीमागे, उताराचा असतो. रोहतांग उतरून लाहौलमध्ये गेलात की कोकसर, किलोंग, जिस्पा, दारचा ही सगळी ठिकाणे 3000 ते 3400 मीटरच्या दरम्यान आहेत. तिथे वस्ती आहे, वाहने आहेत, किलोंगला जिल्ह्याचे ठिकाण असल्याने दवाखाना आहे. दारच्याच्या वर पतसेऊ आणि झिंगझिंगबारपर्यंतसुद्धा त्रास झाला तर ब्रेकवर बोटे ठेवून तासा-दोन तासांत तुम्ही दारच्याला खाली येऊ शकता. बारालाचा ओलांडलीत की हा दरवाजा बंद होतो. पलीकडचे सर्चू सुमारे 4290 मीटरवर आहे. तिथे डोके ठणकायला लागले तर मागे बारालाचा आणि पुढे नकी ला व लाचुलुंग ला. त्यापुढचे पांग 4600 मीटरवर, म्हणजे सर्चूपेक्षाही उंच, आणि पुढे मोरे मैदान संपल्यावर टांगलांग ला उभीच. उंचीच्या बाधेवर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे खाली येणे. आणि बारालाचा ते टांगलांग या पट्ट्यात कोणत्याही बाजूला खाली येण्यासाठी आधी वर चढावे लागते. आजारी माणूस ते सायकलवर करू शकत नाही. त्याला वाहनाची, म्हणजेच दुसऱ्या माणसाची, वाट पाहावी लागते.

म्हणून पुढे जायचे की नाही याचा निर्णय झिंगझिंगबारला, बारालाचाच्या अलीकडे घ्यायचा, आणि त्याचे निकष घरी बसून, डोके थंड असताना ठरवून ठेवायचे. सकाळी उठल्यावर डोके दुखत असेल, अन्नावरची वासना गेली असेल, मळमळत असेल, तर त्या दिवशी चढायचे नाही. एक दिवस थांबूनही कमी झाले नाही तर खाली यायचे. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालता येत नसतील, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी खाली निघायचे. डोकेदुखीची गोळी घेऊन वर चढायचे, हा प्रकार कृपा करून करू नका. अॅसिटाझोलामाइड हे औषध त्रास टाळायला मदत करते, परंतु ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर तसे त्यांना आवर्जून सांगा. निघण्याआधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे त्याला कारण आहे. पहिल्या खेपेला मीही एकटीच होते, आणि अंगात जोर आहे म्हणून दारचाहून एकाच दिवसात झिंगझिंगबार गाठले होते, म्हणजे झोपण्याची उंची 900 मीटरने वाढवली होती. संध्याकाळी ढाब्याशेजारी तंबू लावत होते. मला वाटत होते की माझे सगळे ठीक चालले आहे. ढाबेवाली बाई चहाचा पेला हातात घेऊन थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, तुम्ही तिसऱ्यांदा तीच दोरी त्याच खुंटीला बांधता आहात. मी खाली पाहिले. एका खुंटीवर तीन गाठी होत्या आणि उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांच्या दोऱ्या मोकळ्या, वाऱ्यावर हलत होत्या. तिने मला उठवून त्याच संध्याकाळी मनालीकडे परतणाऱ्या एका ट्रकमध्ये बसवले, सायकल मागे रिकाम्या पोत्यांवर टाकली, आणि दारच्याला पोहोचेपर्यंत माझे डोके निवळले होते. तिथे दोन रात्री राहून, मग पतसेऊला मुक्काम करत मी पुन्हा वर गेले आणि तेव्हा काही झाले नाही. आपला मेंदू बिघडतो आहे हे आपल्याच मेंदूला कळत नाही. एकट्याने जाण्यातली खरी अडचण हीच आहे, आणि चोर-लुटारू, जंगली जनावरे वगैरे आपल्या नातेवाइकांच्या मनात येणाऱ्या भीतीचा तिच्याशी संबंध नाही.

या अडचणीवर तोड आहे. तंबू नेहमी ढाब्याच्या हाकेच्या अंतरावर लावा. झिंगझिंगबार, भरतपूर, सर्चू, पांग, देबरिंग या ठिकाणी मोसमात ढाब्यांचे तंबू असतात, तिथे राजमा-भात, मॅगी, आम्लेट मिळते आणि झोपायला गाद्याही मिळतात. संध्याकाळी जेवताना मालकाला सांगून ठेवायचे : मी एकटा आहे, त्या तंबूत झोपतो, सकाळी सहापर्यंत चहाला आलो नाही तर येऊन उठवा. ही माणसे दर मोसमात आजारी प्रवासी बघतात, त्यांची नजर तयार असते. सामानात एका प्लास्टिकच्या पाकिटात हिंदीत लिहिलेला कागद ठेवा. त्यावर नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर असावा. ओसाड जागी, चांदण्यात, मैलभर माणूस नाही अशा ठिकाणी तंबू ठोकण्याची हौस मला समजते. ती हौस लाहौलमध्ये, खालच्या उंचीवर भागवून घ्या.

मुक्कामांची आखणी मी अशी करीन. मनालीत (सुमारे 2050 मीटर) दोन रात्री, मग कोठीला एक, मढीला (3300) एक. इथे उडी जरा मोठी आहे, म्हणूनच मनालीतल्या दोन रात्री चुकवायच्या नाहीत, आणि रोहतांग ओलांडून पुढची रात्र खाली कोकसरला (3140) येते. 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून बहुतेक वाहतूक तिकडून जाते. तुम्ही जुन्या रोहतांगच्या रस्त्यानेच जा, कारण ती खिंड चढणे आणि पलीकडे उतरून झोपणे हाच शरीराचा पहिला सराव आहे. किलोंगला दोन रात्री, दारच्याला एक, पतसेऊला (3800) दोन, झिंगझिंगबारला (4270) एक. सगळे ठीक असेल तर बारालाचा ओलांडून सर्चू, दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स या एकवीस वळणांच्या चढाच्या पायथ्याशी छोटा मुक्काम, आणि त्यानंतर ताज्या पायांनी नकी ला व लाचुलुंग ला एकाच दिवसात करून पांग. दोन खिंडींच्या मधल्या खोलगटात झोपायचे नाही, ती जागा फार उंच आहे. पुढे देबरिंग, टांगलांग ओलांडून रुमत्से, आणि मग सिंधूच्या काठाने उपशीवरून लेह. मनालीत उतरल्यापासून हे सतरा दिवस होतात. येण्याजाण्याचे सहा आणि दरड, पाऊस, पोटाची तक्रार यांसाठी एक-दोन धरले तर चोवीस-पंचवीस दिवसांची सुट्टी लागते.

तेवढी सुट्टी या वर्षी मिळत नसेल तर बारा दिवसांत मनाली ते दारचा आणि परत असा प्रवास करा. रोहतांग आहे, चंद्रा आणि भागा नद्यांचा तांडीचा संगम आहे, तंबूतल्या रात्री आहेत, आणि संपूर्ण प्रवासात सुटकेचा रस्ता उताराचा आहे. लेह पुढच्या वर्षी. याला अर्धवट प्रवास म्हणू नका. दारच्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला पुढच्या वर्षी आपले शरीर उंचीवर कसे वागते हे ठाऊक असते, आणि ती माहिती विकत मिळत नाही.

सरावाबद्दल थोडे. आपले घाट उंची देत नाहीत, पण ओझ्याची आणि उताराची सवय देतात. एका दिवसात 100 किलोमीटर मारण्यापेक्षा 15 किलो सामान लादून सलग चार दिवस रोज 50-60 किलोमीटर करा : खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी आणि परत. पावसाळ्यात करा. ओल्या, गारठलेल्या बोटांनी, वाऱ्यात, एकट्याने तंबू उभा करता आला पाहिजे. फक्त मुक्काम रानात करू नका. भीमगडच्या अभयारण्याचा भाग तिथे आहे आणि अस्वलांचा वावरही आहे. एखाद्या गावात देवळाजवळ किंवा कुणाच्या अंगणात परवानगी घेऊन उतरा. चोर्ला उतरताना लादलेली सायकल किती अंतरात थांबते ते नीट मोजून पाहा, आणि ब्रेक सतत दाबून न धरता दाबून-सोडून चालवायची सवय लावा. टांगलांगवरून रुमत्सेपर्यंत हजार मीटरहून अधिक उतार आहे.

तुम्ही फिटर आहात, सायकलीचे काम तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. एवढेच सांगते, की पुढचे लहान चक्र 22 दात्यांचे आणि मागचे मोठे 34 किंवा 36 दात्यांचे असावे, आणि मनाली सोडल्यावर लेहपर्यंत सुटा भाग मिळेल असे धरून चालू नये : दोन ट्यूब, स्पोक, चेनची जोडकडी, गिअरचा हँगर, ब्रेकचे पॅड हे सगळे बरोबर हवे. सप्टेंबरच्या रात्री सर्चूला पाणी गोठते, तेव्हा उणे दहा अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग घ्या. गॅसचे डबे किंवा रॉकेल रेल्वेत नेता येत नाही. स्टोव्ह न्यायचाच असेल तर इंधन मनालीत घ्या, आणि बंद तंबूत तो कधीही पेटवू नका, धुराचा वास न येताही विषारी वायूने माणूस झोपेत जातो. त्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात तांदूळ शिजवण्याचा नाद सोडा. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पंधरा दिवस टिकते, वजनाला हलकी असते, आणि तोंडाची चव गेलेली असताना मला तरी तीच खाववली. ओढे-नाले सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरचे पाणी चढते आणि वाराही समोरून सुटतो. किलोंगनंतर लेहपर्यंत रोख पैशांवरच भागवावे लागेल.

राहता राहिली आईची समजूत. तिला "काही होत नाही गं" असे सांगू नका, कारण ते खरे नाही आणि तिला ते कळते. वहीच्या एका पानावर सगळे मुक्काम ओळीने लिहा, प्रत्येकापुढे तारीख आणि उंची घाला, आणि झिंगझिंगबारच्या खाली लाल पेनने रेघ मारा. त्या रेघेशी तब्येत बरी नसेल तर मी परत येईन, हे तिच्यासमोर, बाबांसमोर बोला. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रीपेड कार्ड चालत नाही, म्हणून पोस्टपेड कार्ड घ्या, आणि तरीही दारच्यापासून उपशीपर्यंत बहुतेक रस्त्यावर फोन लागणार नाही हे तिला आधीच सांगा. दारच्याहून शेवटचा फोन कोणत्या तारखेला येईल, आणि उपशीहून पुढचा फोन उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत येईल, या दोन तारखा त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. वाटेत विश्रांतीचे दोन दिवस वाढतील असे धरून दुसरी तारीख सैल ठेवा. दारच्याहून तो फोन करताना आवाजात उसने अवसान आणू नका. डोके दुखत असेल तर तिला तसे सांगा.